ओबासान म्हणजे आजी नव्हे

संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी घरात सून म्हणून आलेल्या आणि मुंबईतच म्हाताऱ्या झालेल्या जपानी आज्यांवर आपल्या पुरवणीत अधूनमधून आठवणलेख येतो. नातवंडांनी लिहिलेला असतो, मायेने लिहिलेला असतो. पण तपशील हुकतात, आणि दर वेळी त्याच त्या ठिकाणी हुकतात. जपानी दाखल्यांची भाषांतरे करताना याच चुका समोर येतात, म्हणून हे जरा लांबलेले पत्र. जागेअभावी काटछाट करावी लागली तर खुशाल करा, फक्त आकडे कापू नका.

आधी फोटो. किमोनो नेसताना नेसणाऱ्याची डावी बाजू उजवीच्या वर येते. म्हणजे समोरून पाहणाऱ्याला स्वतःच्या उजव्या हाताकडून तिरकी खाली येणारी पट्टी वर दिसली पाहिजे. याच्या उलट, उजवी बाजू वर, ही मृताला नेसवण्याची रीत आहे. आता पानाच्या मांडणीत चेहरा मजकुराकडे वळलेला हवा म्हणून फोटो आडवा उलटवला जातो आणि हसऱ्या, तिशीतल्या आजी मृतवस्त्रात छापून येतात. जपानी वाचकाला ते पहिल्या नजरेत खुपते. जुन्या स्टुडिओतही निगेटिव्ह उलट्या बाजूने ठेवली गेली की हेच व्हायचे, त्यामुळे घरातला मूळ फोटो बरोबरच असेल असेही धरून चालू नये. त्याच फोटोत आजोबा असतील तर त्यांच्या शर्टाच्या काजपट्टीवरून कळते. पुरुषी शर्टाची काजे डाव्या बाजूला असतात आणि ती बाजू वर येते. आजी साडीत असतील तर पदर डाव्या खांद्यावर हवा. (गुजराती पद्धतीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो, तेवढे मुंबईत ध्यानात ठेवावे.)

मग मथळा. ‘आमची ओबासान’ असा मथळा दिसला की समजावे, शब्द इंग्रजी स्पेलिंगवरून आला आहे. ओबासान म्हणजे मावशी, आत्या, काकू किंवा शेजारची कोणीही मध्यमवयीन बाई. आजीसाठी ‘बा’ लांबवावा लागतो: ओबाआसान, लाडाने ओबाआचान. इंग्रजी लिपीत लांब ‘a’ च्या डोक्यावरची आडवी रेघ गळते आणि आजीची मावशी होते. देवनागरीत ही अडचण मुळात नाही, एक ‘आ’ जास्त लिहिला की काम झाले. उलट काही जपानी उच्चार मराठी माणसाला आयते मिळालेले आहेत. त्सुरु या नावातला ‘त्सु’ म्हणजे आपल्या चुलीतला च. शिझुको नावातला ‘झु’ जाळ्यातल्या ज च्या जवळचा. आजींचे नाव घरात कसे उच्चारले जायचे ते सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडून ऐकून मग लिहावे, पासपोर्टवरून नको.

नावाचा गुंता तेवढ्यावर संपत नाही. अशा आजींना निदान तीन नावे असतात. जपानी नोंदवहीतले, पासपोर्टवरचे रोमन लिपीतले, आणि लग्नात तांदळात लिहिलेले. रेशनकार्डावर आणि बँकेत तिसरे नाव चालते आणि मृत्यूच्या दाखल्यावरही तेच जाते. तिथे दुसरे नाव ‘ऊर्फ’ म्हणून घालून घेतले नाही, तर जपानच्या कार्यालयाच्या दृष्टीने वारलेली बाई वेगळी आणि नोंदवहीतली वेगळी. शिवाय ‘योशिको’ हा एकच उच्चार कितीतरी निरनिराळ्या चित्राक्षरांनी लिहिता येतो. म्हणून ‘नावाचा अर्थ सुवासिक कन्या’ असे छापण्याआधी अक्षरे पाहिलेली असावीत. मेइजी आणि ताइशो काळात (1868 ते 1926) जन्मलेल्या अनेक मुलींची नावे तर चित्राक्षरांत नसून नुसत्या काना, म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या, लिपीत, दोन अक्षरी, ‘को’ शिवायची आहेत: हारु, उमे, काने. त्यांना मागाहून ‘को’ जोडू नये.

आता जन्मतारीख. जपानी कागदावर वर्ष सम्राटाच्या कारकिर्दीने मोजतात. शके 1850 मध्ये 78 मिळवून 1928 काढणाऱ्या वाचकाला हे जड जाऊ नये. मेइजी वर्षात 1867 मिळवा, ताइशोमध्ये 1911, शोवामध्ये 1925, हेइसेइमध्ये 1988, रेइवामध्ये 2018. शोवा 3 म्हणजे 1928. घोळ सांध्यावर होतो. ताइशो सम्राट 25 डिसेंबर 1926 रोजी वारले, त्यामुळे शोवा 1 हे वर्ष अवघ्या सात दिवसांचे आहे. कोणी ‘शोवा 1, मे महिना’ असे सांगत असेल तर तो मे 1926 चा, म्हणजे ताइशो 15 मधला असणार, किंवा वर्ष तरी चुकले असणार.

वयाचा घोळ याहून मोठा. जुन्या जपानी रीतीने मूल जन्मताच एक वर्षाचे धरतात आणि प्रत्येक 1 जानेवारीला सगळ्यांचे वय एकाने वाढते. 20 डिसेंबर 1928 ला जन्मलेली मुलगी 1 जानेवारी 1929 ला, बारा दिवसांची असताना, दोन वर्षांची झाली. 1950 पासून कायद्याने पूर्ण झालेली वर्षेच सांगायची असे ठरले, पण आज्यांची पिढी जुन्या मोजणीत वाढलेली. दीर्घायुष्याचे समारंभ तर अजूनही पुष्कळदा जुन्या मोजणीने होतात. अठ्ठ्याऐंशीव्याला ‘बेइजु’ म्हणतात, कारण तांदळाचे चित्राक्षर सुटे केले की आठ-दहा-आठ असे आकडे निघतात. नव्व्याण्णवावे ‘हाकुजु’: शंभराच्या चित्राक्षरावरची एक आडवी रेघ काढली की ‘पांढरा’ हे अक्षर उरते, शंभरातून एक गेले. 1928 च्या आजींचे बेइजु जुन्या मोजणीने 2015 मध्ये, नव्या मोजणीने 2016 मध्ये. फोटोच्या पाकिटावर 2015 पाहून ‘आजी 88 च्या होत्या’ असे लिहिले, की जन्मवर्ष 1927 वर जाऊन बसते. साठीचे ‘कानरेकी’ मात्र आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको. आपले प्रभव ते अक्षय साठ संवत्सरांचे चक्र, त्यांचे दहा आणि बाराच्या जोड्यांतून होणारे साठाचे. आजीबाईंना लाल जाकीट घालतात ते पुन्हा बाळपण सुरू झाले म्हणून.

वर्ष पडताळायला प्राण्यांचे बारा वर्षांचे चक्र उपयोगी पडते. तारीख विसरलेल्या आजीही ‘मी ड्रॅगनच्या वर्षातली’ हे विसरत नाहीत. 1916, 1928, 1940 ही ड्रॅगनची वर्षे. एक सावधगिरी: जपानने 1873 पासून ग्रेगोरियन कॅलेंडर घेतले आणि तिथे प्राणी 1 जानेवारीलाच बदलतो, चिनी नववर्षाला नाही. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांसाठी इंटरनेटवरचे चिनी गणित चुकीचा प्राणी दाखवते.

हे सगळे ज्या कागदावर एकदाचे मिटते तो म्हणजे कोसेकी, कुटुंबाची नोंदवही. जन्म, लग्न, दत्तक, मृत्यू, सगळे एका घराच्या पानावर. ती माणूस राहतो त्या गावात नसते, तर घराण्याचे ‘होनसेकी’ म्हणजे मूळ नोंदणीस्थान ज्या गावात असेल तिथल्या पालिकेत असते. पासपोर्टवर साधारणपणे नुसता प्रांत दिसतो. ‘हिरोशिमा’ लिहिलेले असेल तर ते शहर समजून थेट अणुबाँबपर्यंत जाऊ नये, हिरोशिमा प्रांतात डोंगरातली गावेही आहेत. तसेच कोबेचे. 1893 मध्ये निप्पोन यूसेन काइशा या जपानी जहाज कंपनीने टाटांच्या साथीने मुंबईची जहाजसेवा सुरू केली ती कापसासाठी, आणि पुढे 1923 च्या भूकंपानंतर योकोहामाचे कितीतरी हिंदी व्यापारीही कोबेला गेले. त्यामुळे घरोघरी ‘आजी कोबेच्या’ असे सांगतात. जहाज कोबेहून सुटले एवढ्याने जन्म कोबेचा होत नाही. गावाचे नाव जुन्या पत्रांच्या पाकिटांवर, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात सापडते. ते आजच्या नकाशात नसेल तर घाबरू नये. 1953 ते 1961 या काळात जपानमधल्या 9,868 पालिका-ग्रामपालिका विलीन होऊन 3,472 उरल्या, आणि 1999 नंतर पुन्हा मोठी लाट आली. गाव ज्या शहरात विलीन झाले, त्या शहराकडे वही गेलेली असते.

मागणी करताना नुसती ‘कोसेकी’ मागितली तर संगणकावरचे नवे पान येते. 1994 नंतर पाने संगणकावर चढवताना त्याआधीच लग्नाने किंवा मृत्यूने बाहेर पडलेल्यांची नावे नव्या पानावर घेतली नाहीत. आजी नेमक्या त्यांतल्या असण्याची शक्यता फार. म्हणून ‘काइसेइ गेनकोसेकी’, म्हणजे बदलाआधीची मूळ वही, आणि बंद झालेली ‘जोसेकी’ असे दोन्ही शब्द अर्जात हवेत. चालू नोंदीच्या उताऱ्याला 450 येन पडतात, जुन्याला 750. मुलगा, नातू, पणती अशा सरळ रेषेतल्या वंशजांना मागता येते, नाते दाखवणारे जन्मदाखले जपानी भाषांतरासह जोडावे लागतात. भाचा किंवा पुतण्या असेल तर अधिकारपत्र लागते. 1 मार्च 2024 पासून जपानात प्रत्यक्ष गेलेल्या वंशजाला कोणत्याही पालिकेच्या खिडकीवर मागता येते, टपालाने मात्र मूळ गावाकडेच. मुख्य ओकिनावा बेटावरच्या वह्या 1945 च्या लढाईत गेल्या, टोकियोच्या काही भागांतल्या बाँबहल्ल्यांत जळाल्या. तिथे ‘देता येत नाही’ असा दाखला मिळतो, तोही जपून ठेवावा.

पान हाती आले की घरात हमखास रडारड होते, कारण आजींच्या नावावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारलेली असते. परदेशी माणसाशी लग्न केले म्हणून बापाने नाव टाकले, असा अर्थ लगेच काढला जातो आणि तो लेखातही उतरतो. तसे काही नसते. लग्न होऊन सासरच्या वहीत गेलेल्या, दत्तक गेलेल्या, वारलेल्या प्रत्येकाच्या नावावर तशीच फुली असते, धाकट्या भावांवरही पाहा. कारण शेजारच्या उभ्या ओळीत लिहिलेले असते, ते वाचून घ्यावे. लग्न 1 जुलै 1950 च्या आधीचे असेल आणि नवऱ्याचे नागरिकत्व मिळाले असेल, तर जुन्या कायद्याने जपानी नागरिकत्व गेले म्हणून फुली. त्यानंतरचे, 1984 पर्यंतचे लग्न असेल तर उलट फुली नसतेच. आजी माहेरच्या आडनावाने वडिलांच्याच पानावर राहतात, फक्त लग्नाची नोंद होते. मुलांची नावे त्या पानावर शोधू नयेत. 1985 पर्यंत जपानी नागरिकत्व बापाकडूनच मिळत असे, त्यामुळे मराठी बापाची मुले तिथे येत नव्हती. आजींनी मुले लपवली नव्हती.

स्वयंपाकघराकडे येतो. आपल्या लेखांतली प्रत्येक जपानी आजी सुशी करते. त्या पिढीच्या रोजच्या ताटात भात, मिसोचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे) सार आणि लोणचे असायचे. ते मुंबईत जमवायचे कसे, यात खरी कर्तबगारी होती. या लोणच्याची, म्हणजे कोंड्यात मुरवलेल्या भाज्यांची, पाककृती एकदा कुठेशी मिठाच्या प्रमाणाशिवाय छापलेली पाहिली. तशी कोणी केली तर आठवड्यात बरणी फेकावी लागेल. खरे प्रमाण असे: एक किलो तांदळाचा कोंडा, 130 ग्रॅम मीठ, उकळून गार केलेले साधारण एक लिटर पाणी, दोन-तीन सुक्या मिरच्या. कोंडा म्हणजे तूस नव्हे. पॉलिशच्या वेळी निघणारी तपकिरी, बारीक पूड हवी. ती कर्जत-पालघरकडच्या भाताच्या गिरणीत ताजी मिळते. कोंड्यातले तेल दळल्याबरोबर खवट व्हायला लागते, म्हणून त्याच दिवशी मंद आचेवर पाच-सात मिनिटे परतून, खमंग वास आल्यावर गार करावा. कालवल्यावर तो ओल्या वाळूसारखा हवा: मुठीत दाबला तर गोळा होईल, पण बोटांतून पाणी गळणार नाही. पहिले आठ-दहा दिवस कोबीची बाहेरची पाने किंवा मुळ्याचा पाला पुरायचा आणि एक-दोन दिवसांनी काढून टाकायचा. हे खायचे नसते, कोंड्यातल्या आंबवणाऱ्या जीवाणूंना ते खाद्य असते. मग काकडी, गाजर, मुळा.

कोंड्याला 20 ते 25 अंश मानवतात आणि मुंबईचा मे महिना 33 वर असतो, सगळी कटकट इथूनच. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा हात तळापर्यंत घालून वरचा कोंडा खाली आणि खालचा वर करावा लागतो. वरच्या थरात हवा लागते तिथे पांढरी साय धरणारे यीस्ट वाढते, तळाशी हवा नसते तिथे घामट मोज्यांचा वास देणारे जीवाणू. उलथापालथ केली की दोघांनाही आपल्या जागी जम बसवता येत नाही. नेलपॉलिशसारखा वास आला तर यीस्ट माजले, चमचाभर मीठ घालून जास्त ढवळावे. फारच आंबट झाले तर मोहरीपूड, नाही तर धुऊन वाळवलेल्या अंड्याच्या टरफलांची पूड. पांढरी साय पातळ असेल तर आत मिसळली तरी चालते, जाड असेल तर खरवडावी. हिरवी-काळी बुरशी दिसली तर भोवतालच्या दोन बोटे कोंड्यासकट काढून टाकावी. पाणी सुटले तर वाटी दाबून ते टिपून घ्यावे आणि नवा कोंडा मिठासह घालावा. काकडी उन्हाळ्यात पाच-सहा तासांत होते, गाजराला दिवस लागतो, वांग्याचा जांभळा रंग टिकवायला साल तुरटीने चोळतात. बाहेरगावी जायचे तर वर मिठाचा थर देऊन बरणी फ्रिजमध्ये. ‘कोंड्याचा मांडा’ आपण नुसता म्हणतो. आजींच्या बरणीची गोष्ट लिहायची तर हे सगळे विचारून लिहावे, आणि बरणी अजून जिवंत असेल तर ती आता कोण ढवळते तेही लिहावे.

आजी गेल्यावरचे. पालिकेत मृत्युनोंद 21 दिवसांत करायची हे सगळ्यांना ठाऊक आहे. आजी अखेरपर्यंत जपानी नागरिक असतील तर कंबाला हिलच्या जपानी वकिलातीत तीन महिन्यांच्या आत कळवायचे असते, हे बहुतेक घरांत माहीत नसते. दाखल्याचे जपानी भाषांतर जोडावे लागते. भारतीय नागरिकत्व घेतले असेल तर जपानी आपोआप जाते, पण कोणी कळवले नसेल तर वहीत नाव तसेच राहते. न कळवल्याने काय होते ते जपानने 2010 मध्ये पाहिले: शंभरी ओलांडलेले, पत्ता नोंदलेला नसलेले आणि कागदावर जिवंत असलेले 2,34,354 लोक वह्यांत निघाले. त्यांतले काही हिशेबाने दीडशेच्याही पुढचे होते.

अस्थी सावडण्याची जपानी रीत आपल्या रीतीच्या जवळची आहे. नातलग चॉपस्टिकच्या जोडीने, पायांपासून सुरू करून डोक्याकडे जात हाडे कलशात ठेवतात, म्हणजे आजी कलशात उभ्या राहतात. मानेचा दुसरा मणका सर्वांत शेवटी, कारण तो ध्यानस्थ बुद्धासारखा दिसतो. जेवताना एका चॉपस्टिकवरून दुसऱ्या चॉपस्टिकवर घास द्यायचा नाही, हा आजींचा दंडक याच्यामुळे. नातवंडे तो ‘टेबल मॅनर्स’ म्हणून लिहितात. असे करायचे असेल तर विद्युतदाहिनीच्या चालकाला आधी सांगावे लागते, एरवी राख ओढून घेताना हाडे मोडतात. कलशाचा काही भाग माहेरच्या थडग्यात ठेवायचा तर दहनाच्या दाखल्याची मूळ प्रत हवी. वरळीला पोदार रुग्णालयाजवळ निप्पोनझान म्योहोजी या जपानी बौद्ध पंथाचे मंदिर आहे. तिथला मंत्र सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा, निचिरेन परंपरेचा. आजींचे माहेर जोदो शिन्शू पंथाचे असेल तर त्यांचे नामस्मरण अमिताभाचे. ‘बौद्ध पद्धतीने’ एवढे लिहून भागत नाही.

एकोणपन्नासावा दिवस मोजताना मृत्यूचा दिवस पहिला धरतात. स्मृतिदिनांचेही तसेच, आणि आपल्या पुण्यस्मरणाच्या जाहिराती इथेच फसतात. 2024 मध्ये वारलेल्या आजींचे पहिले वर्ष 2025 मध्ये, पण ‘तिसरे’ 2026 मध्ये, ‘सातवे’ 2030 मध्ये, ‘तेरावे’ 2036 मध्ये. मराठी हिशेबाने ‘तृतीय पुण्यस्मरण’ 2027 ला छापून आले तर जपानचे नातलग वर्षभर आधीच विधी करून मोकळे झालेले असतात.

शेवटची विनंती आपल्या छायाचित्र विभागाला. फोटो स्कॅन करताना मागची बाजूही करा. तिथे पेन्सिलीने उभ्या ओळीत काहीतरी लिहिलेले असते, कधी स्टुडिओचा शिक्का असतो आणि त्यात गावाचे नाव असते. आकड्यांत वीससाठी एक जुने वेगळे अक्षर येते, दोन उभ्या काठ्या आडव्या रेघेने छेदलेल्या आणि खाली जोडलेल्या. त्याच्या पुढे सहा असेल तर ते शोवा 26, म्हणजे 1951. फोटोखालच्या ओळीत तो ‘1926 च्या सुमाराचा’ असे छापू नका.

आपली,
जपानी दाखल्यांची भाषांतरे करणारी एक वाचक,
माहीम, मुंबई